झबल्यातली मशेरी

मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे, हे आमच्याकडची कुठलीही बाई शपथेवर सांगेल. तंबाखू पुरुषांची. ते ती चुना लावून मळतात, ओठात धरतात आणि वाट्टेल तिथे थुंकतात. आम्ही मशेरी लावतो. तीच पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटावर घेऊन मागच्या दारी बसायचं. दातांसाठी हो! दात घासून झाले तरी बोट तोंडातून निघत नाही, ते सोडा. मी शिक्षिका होते, मला सगळं कळत होतं. कळत असूनही मी हेच म्हणत आले.

संगमेश्वराकडच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. फाटकाशेजारच्या भिंतीवर ‘आमची शाळा तंबाखूमुक्त शाळा’ हे मीच पेंटरच्या डोक्यावर उभं राहून रंगवून घेतलं होतं. मुलांना रांगेत उभं करून शपथ मीच द्यायचे आणि देताना तोंडात लवंग असायची. शाळेला निघण्याआधी दोन लवंगा तोंडात टाकायच्या, ही माझी जुनी सवय. सहकारी म्हणायचे, बाईंना दाताचा त्रास आहे. मीही हो म्हणायचे.

माझ्या लेकीला मात्र लवंगेनं कधी फसवता आलं नाही. लहान असताना ती जवळ यायची, नाक वर करायची आणि म्हणायची, “आई, तू परत लावलीस.” मी धपाटा घालायचे. आता ती सिंगापुरात असते, जावईही तिथेच नोकरीला. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा तिला तिकडून येता येणार नव्हतं, म्हणून बाळंतपणाला मी जायचं ठरलं. वडील नाहीत तिला, माहेर म्हणजे मीच. पासपोर्ट आला तेव्हा तो मी देवासमोर ठेवला होता. इतकं मोठं काम आयुष्यात दुसरं कुठलं उरलंय मला?

एकदा व्हिडिओ कॉलवर तिनं मला नियम समजावले. ती मोबाइलवर बघून वाचत होती आणि मी भाट्याच्या बाजारातली कोलंबी सोलत ऐकत होते. इथे तंबाखूला काडीची सूट नाही, आई. सिगारेटचं एक पाकीट जरी असलं तरी विमानतळावर लाल पाटीकडे जाऊन आपण होऊन सांगायचं, कर भरायचा. आणि धूर न काढता खायची, लावायची जी तंबाखू असते ती तर आणायचीच नाही, तिला बंदी आहे. मग ती म्हणाली, “मशेरीसुद्धा त्यातच येते. ऐकतेयस ना?”

“अगो, मी कधीच सोडली ती,” मी म्हटलं.

हे बोलत असताना माझ्या डाव्या गालात मशेरी होती. मोबाइल मी मुद्दाम उजव्या बाजूला धरला होता.

“खरंच?” लेक म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका उजळला की मला कोलंबीत तोंड घालावंसं वाटलं. “बाळाला तुझ्याजवळ द्यायचंय ना, म्हणून गं. डॉक्टर फार बजावतात तंबाखूचं.”

तेव्हा तरी सोडायला हवी होती. चार दिवस प्रयत्नही केला. डोकं असं चढलं की दूधवाल्याला उभं-आडवं घेतलं, आणि पोटाचं तर विचारूच नका. ज्या बायका लावतात त्यांना ठाऊक आहे, मशेरीशिवाय पोट जागचं हलत नाही. पाचव्या दिवशी तवा चढवला. वास साऱ्या आळीत गेला. शेजारीण कुंपणापलीकडून खोकत ओरडली, “बाई, आमची पन भाजा!”

ही शेजारीण म्हणजे माझी निवृत्तीनंतरची सोबत. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, तो गेला, पोरं मुंबईतच राहिली. रोज सकाळी आम्ही दोघी माझ्या मागच्या दारी बसतो, एका डबीतली मशेरी लावतो आणि जगाचा समाचार घेतो. मी सिंगापूरला जाणार म्हटल्यावर तिनं तिचं जुनं सुती लुगडं आणून दिलं. आमच्याकडे नव्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचीच झबली, दुपटी, लंगोट शिवायचे. “माजी चारी पोरं ह्याच लुगड्यात वाढली,” ती म्हणाली. “आता ह्यात सुत न्हाय ऱ्हायलेला, साय हाय साय. तुमच्या नातवंडाला घाला आनि मला फोटो दाखवा, बास.”

मी आठवडाभर हातशिलाई केली. मशीनची शिवण बाळाला टोचते. प्रत्येक झबलं उलटं करून शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली. बाळाच्या अंगाला लागणारं पहिलं कापड माझ्या हातचं असणार, एवढ्यासाठी तर चालले होते मी तिकडे. बाकी बाळंतपण काय, तिथली दवाखान्यातली माणसं माझ्याहून बरी करतील.

आणि त्याच झबल्यांच्या गाठोड्यात मी मशेरी ठेवली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी झबल्यात गुंडाळली, ते झबलं दुपट्यात, आणि दुपटं बॅगेच्या मधोमध. मनात म्हटलं, बाळाच्या कपड्यांना कोण हात लावतंय?

विमानतळावर उतरले तेव्हा सकाळ होती. इतकी चकचकीत फरशी की आपली चप्पल काढून हातात घ्यावी असं वाटत होतं. बॅग घेऊन पुढे आले तर दोन वाटा होत्या, एक लाल आणि एक हिरवी. लालजवळच्या फलकावर काय काय आणू नये याची चित्रं होती. सिगारेट होती, पुडी होती, बाटली होती. मी थांबून नीट पाहिलं. मशेरीची डबी कुठे नव्हती. नाहीच आहे तर! आपली थोडीच तंबाखू आहे, दातांची आहे. असं मनाशी ठासून म्हटलं आणि हिरव्या वाटेनं निघाले. चाल मात्र आपोआप वाढली. मनाला पटलं असतं तर अशी कशाला पळत सुटले असते?

“ऑंटी,” कुणीतरी हाक मारली. गणवेशातली एक बाई होती, सावळी, केस घट्ट बांधलेले, तोंडावर हसू. तिकडे आपल्या वयाच्या सगळ्या बायकांना ऑंटीच म्हणतात. तिनं बॅग यंत्रात घालायला सांगितली, पडद्यावर पाहिलं आणि मला बाजूच्या टेबलाकडे नेलं.

तिनं हातमोजे घातले आणि बॅग उघडली. लाडू, डिंक, अळीव, बाळंतशोपा, सगळं एकेक करून बाजूला ठेवलं, अगदी हळुवार हातानं. मग दुपटं. मग झबली. पहिलं झबलं तिनं उचललं आणि त्यातून काळपट तपकिरी भुकटी टेबलावर सांडली. पिशवी फाटली होती. बॅगेत दाबून भरलेल्या सामानानं ती फाटली असेल. प्रत्येक घडीत मशेरी घुसली होती. फिकट झबल्याच्या काखेत, लंगोटांच्या गाठींत. ती बाई एकेक झबलं उचलायची, दोन चिमटींत धरून ताटलीवर झटकायची आणि बाजूला ठेवायची. झबलं, झटकणं, झबलं, झटकणं. माझ्या हातचे टाके होते ते. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं, पण तिथली जमीन काचेसारखी, ती कसली दुभंगतेय!

तेवढ्यात मागून जाणारं एक जोडपं थबकलं. विमानात माझ्या पुढच्याच रांगेत बसलेलं. बाई नवऱ्याला शुद्ध मराठीत म्हणाली, “तंबाखू पकडली वाटतं. आणि बाळाच्या कपड्यात बघ कशी.” मी वळून पाहिलं नाही. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की बरं वाटतं म्हणतात. मला वाटलं, ही भाषाच मला येत नसती तर किती बरं झालं असतं.

अधिकारी बाईनं विचारलं, हे काय आहे. मला इंग्रजी येत नाही असं नाही, चौथीपर्यंत शिकवलंय. पण मशेरीला इंग्रजीत काय म्हणायचं? मी बोट दातांवरून फिरवून दाखवलं. तिला वाटलं, मला दात दुखतोय. शेवटी तिनं विचारलं, बाहेर कोणी आहे का. मी लेकीचा नंबर दाखवला. तिनं फोन लावला आणि मोबाइल टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

“आई? आई, काय झालं? आम्ही दारात उभे आहोत.” लेक धापा टाकत होती. नववा महिना होता तिला. अधिकारी बाईनं तिला शांतपणे सगळं सांगितलं. मग लेकीनं मला मराठीत विचारलं, “आई, त्या विचारतायत, ही पावडर कसली आहे?”

“सांग ना, दात घासायची आहे म्हणून.”



“आई,” ती हळू आवाजात म्हणाली, “मशेरी आहे का?”

“अगो, दातांचीच ना ती! दंतमंजन म्हणून सांग. त्यांना काय कळणार आहे? सांग की गो.”

मला वाटलं, फोन कटला. टेबलावरच्या मोबाइलकडे मी आणि ती अधिकारी बाई, दोघी बघत उभ्या होतो. एवढ्याशा भुकटीपायी परत पाठवतील का मला? बाळ जन्माला येईल आणि मी रत्नागिरीच्या स्टँडवर असेन?

मग लेक इंग्रजीत बोलली. सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारून, म्हणजे मलाही कळेल. ती तंबाखू आहे. भाजलेली तंबाखू, आमच्याकडे बायका दातांना लावतात. आईला नियम माहीत होता, मीच सांगितला होता. तिला वाईट वाटतंय. ती माफी मागते आहे.

माफी मी मागितलीच नव्हती. ती तिनं माझ्या नावानं मागितली.

खरं सांगते, पहिल्यांदा लाज नाही वाटली, राग आला. एवढी वाढवली, शिकवली, आणि वेळ आल्यावर आईला उघडी पाडलीस? एक वाक्य खोटं बोलली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं? मी मोबाइलकडे असं पाहिलं की तिथे ती असती तर धपाटाच मिळाला असता.

अधिकारी बाईनं मान हलवली. तिनं फोटो काढले, भुकटी एका पिशवीत बंद केली, माझ्याकडून सह्या घेतल्या. मग लेकीला काहीतरी समजावून सांगितलं आणि लेकीनं मला सांगितलं, “आई, ताकीद देऊन सोडतायत. त्या म्हणतात, लाल पाटीकडे जाऊन आपण होऊन सांगितलं असतंस तर नुसती काढून घेतली असती. आणि दंतमंजन म्हणून दडपलं असतं तर मग फार वाढलं असतं.” मग म्हणाली, “पाणी पी. मी बाहेरच आहे.”

राग कुठल्या कुठे गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दडपायला मीच सांगत होते ना तिला.

काचेचं दार सरकलं आणि समोर ती उभी, दोन्ही हात कमरेवर, पोट पुढे, डोळे लाल. जावयानं पुढे होऊन वाकून नमस्कार केला, बॅग घेतली आणि विचारलं, “प्रवास कसा झाला, आई?” त्याला सगळं ठाऊक होतं. तरी तेवढंच विचारलंन त्यानं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या मी. गाडीत मी झबल्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले.

घरी पोचल्यावर लेक म्हणाली, “दे, मशीनला लावते.” मी म्हटलं, मी हातानं धुते, मशीननं टाके उसवतील. खरंच बहुतेक सगळी धुतली मी, साबण लावून, घासून घासून. एकच झबलं धुतलं नाही. ते उशीखाली ठेवलं. त्या वेळी मी स्वतःलाही कारण विचारलं नाही.

पुढचे दिवस माझे मला आठवायला नको वाटतात. डोकं फुटत होतं. तोंडाला कोरड, मनाला चैन नाही. जावयानं सकाळी चहा करून आणला तर मी म्हटलं, हा काय चहा आहे, भांडी विसळलेलं पाणी बरं. तो बिचारा परत करायला गेला. लेकीला वरणात मीठ कमी म्हणून बोलले. तिची पावलं सुजली होती, तिच्या पायांना तेल चोळायला आलेली मी, आणि तिच्यावरच खेकसत होते.

एका सकाळी मी न्हाणीघरात गेले. ते झबलं पदराखाली घेतलं होतं. काखेतल्या शिवणीत मशेरी अजून होती, टाक्यांत गच्च बसलेली. मी तिथे बोट घासलं आणि हिरडीवर फिरवलं. पुरेना. मग शिवणच तोंडात धरली. बाळाच्या झबल्याची काख मी उभ्याउभ्या चोखत होते. आणि आरशात पाहिलं तर दार नीट लागलेलं नव्हतं. फटीत लेक उभी होती.

ती ओरडली असती, रडली असती, तर काहीतरी बोलता आलं असतं. तिनं आत येऊन नुसता हात पुढे केला. मी झबलं तिच्या हातात दिलं. ओलं होतं ते. ती वाकू शकत नव्हती, म्हणून कठड्याला धरून कशीबशी टेकली, बादलीत गरम पाणी सोडलं आणि झबलं स्वतःच्या हातानं चोळायला लागली. मी म्हटलं, “राहू दे गो, मी करते.” ती म्हणाली, “आई, तू जरा बस.” मी कमोडच्या झाकणावर बसले आणि ती धूत राहिली. पाणी तपकिरी होत होतं. ती ते ओतायची, परत भरायची.

त्याच आठवड्यात नात झाली. दवाखान्यात न्यायच्या पिशवीत लेकीनं दुकानातले कपडे भरले, कोरे, गुलाबी, वर ससे असलेले. माझी झबली घडी घालून कपाटात होती. नात माझ्या हातात दिली तेव्हा अंगात ते सशांचं होतं. मी तोंड वळवून श्वास घेत होते, उगाच तिच्यावर वास जाऊ नये म्हणून. तोपर्यंत वासच उरला नव्हता म्हणा. पण सवय कुठे जाते?

बारशाच्या दिवशी मी पाळण्याला फुलं बांधत होते. लेक बाळाला आंघोळ घालून घेऊन आली आणि मी पाहतच राहिले. अंगात ते झबलं होतं. तेच, उशीखालचं. इतकी सगळी स्वच्छ झबली असताना तिनं नेमकं तेच काढलं होतं. उजव्या काखेत डाग राहिला होता, फिका, रुपयाएवढा. माझे हात फुलांवरच थांबले. “आजीनं शिवलंय ना,” लेक बाळाशी बोलत होती, माझ्याकडे न बघता. जावयानं फोटो काढला आणि लेकीनं तो आमच्या आळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आजीच्या हातचं पहिलं झबलं, आणि शेजारच्या काकींच्या लुगड्याचं.

मी परत आले तेव्हा काजूला मोहोर होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारीण मागच्या दारी हजर. तिनं मोबाइल पुढे धरला, फोटो बोटांनी मोठा केला. “काय गोरी हाय पोर! आनि लुगडं बगा, कसं शोभलंय.” मग डोळे बारीक केले. “बाई, ह्या काखंत कसला वो डाग? मी काल ग्रुपवर इचारलं पन. पोरीनं उत्तर दिलंन, मला नीट दिसलं न्हाय, तुमी वाचा बघू.”

मी चष्मा लावला. शेजारणीनं ग्रुपवर विचारलेल्या प्रश्नाखाली लेकीचं उत्तर होतं.

“चहा सांडला, काकी. माझ्याच हातून.”

विमानतळावर परक्या बाईसमोर जी माझ्यासाठी एक वाक्य खोटं बोलली नाही, तिनं ते इथे, माझ्या आळीत, सगळ्यांच्या देखत लिहिलं होतं. वर दोष स्वतःच्या अंगावर घेऊन. मी तिला खोटं बोलायला सांगितलं होतं ना? बोलली ती. माझी अब्रू राखायला बोलली.

“काय लिवलंन?” शेजारणीनं विचारलं.

“चहा सांडला म्हणते.”

“मेली वेंधळी,” ती हसली, “तुमच्यावर न्हाय गेली.” आणि रोजच्यासारखी कमरेची डबी काढून झाकण उघडून तिनं माझ्यासमोर धरली.

मी अजून मोबाइलकडेच बघत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि माझं बोट, आता आणखी खोटं कशाला लिहू, डबीत बुडालेलं होतं.